हॅमॉकखालची दुलई रात्रभर जागेवर ठेवायची तर काय घ्यावं?

हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांना टांगलेल्या कापडी झोळीत, झोपणाऱ्याला थंडी खालून गाठते. स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग अंगाच्या वजनाने चेपतो, त्यातली हवा निघून जाते आणि कापडाखालून वाहणारा वारा थेट कमरेला लागतो. म्हणून अंडरक्विल्ट, म्हणजे हॅमॉकखालची दुलई, बाहेरून टांगतात. ती चेपत नाही, फुललेली राहते. पण टांगलेली वस्तू सरकणारच. दुलई चार बोटं जरी खाली लोंबली, तरी मधल्या फटीत गार हवा खेळू लागते आणि उणे सात अंशांपर्यंत चालणारी पिसांची महाग दुलईही निकामी होते.

मला हे कळलं ते अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन ट्रेल या लांब पायवाटेवर, शेनान्डोआच्या जंगलात, ऑक्टोबरमधल्या एका रात्री. पहाटे तीनला जाग आली तेव्हा कंबर बधिर झाली होती. टॉर्च लावून पाहिलं, तर दुलई वीतभर पायांकडे गेलेली. त्यानंतर मी बांधायच्या चार पद्धती आळीपाळीने वापरल्या. नवीन घेणाऱ्याने पैसे घालण्याआधी त्यांतला फरक समजून घ्यावा.

बहुतेक दुलया साध्या इलास्टिक दोरीवर येतात. दोन्ही लांब कडांना शिवलेल्या नळीतून एकेक दोरी जाते आणि तिची टोकं हॅमॉकच्या दोन्ही टोकांच्या कॅराबिनरमध्ये (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीत) अडकवायची. डोक्याकडे आणि पायांकडे तोंड आवळायला वेगळी नाडी असते. ही रचना हलकी आहे आणि कुठल्याही हॅमॉकला चालते. खोट एकच: दोरी नळीत मोकळी फिरते. आपण कूस बदलली, उठून पुन्हा आत शिरलो, की दुलई उताराकडे निघते. दोरी घट्ट केली तर दुलई कापडावर दाबली जाऊन पिसं चेपतात, सैल सोडली तर फट पडते. रात्रभर एका कुशीवर शांत झोपणाऱ्याला मात्र एवढं पुरतं.

दुसरी पद्धत म्हणजे हीच दुलई, पण दोरीला जखडलेली. नळीच्या चारही तोंडांशी इलास्टिकवर बारीक दोरीची प्रुसिक गाठ मारायची आणि ती दुलईच्या कोपऱ्यातल्या फाशाला बांधायची. गाठ हाताने सरकवता येते, ताण आला की जागेवर बसते. गिर्यारोहणात प्रुसिक वापरलेल्यांना वेगळं शिकावं लागणार नाही. माझ्या मते कमीत कमी खर्चात सर्वांत जास्त फरक इथेच पडतो. आणखी एक फायदा आहे. हॅमॉकमध्ये सपाट झोपायला तिरकं पडावं लागतं, दुलई मात्र मधल्या रेषेत सरळ टांगलेली असते. त्यामुळे एक खांदा आणि दुसऱ्या बाजूची पोटरी उघडी पडते. गाठी सरकवून दुलईही अंगाच्या दिशेने तिरकी करता येते.

तिसरी पद्धत कडेच्या हुकांची. दुलईची बाजू लहान हुकाने हॅमॉकच्या कडेला अडकवायची. दुलई आडवी घसरू नये यासाठी ही उत्तम, लांबीत सरकणं मात्र हिने पूर्ण थांबत नाही. हुक थेट अडकवला तर आपण आत शिरल्यावर हॅमॉकची ताणलेली कड दुलईला वर ओढते आणि कमरेखाली ती पातळ होते. मध्ये वीतभर इलास्टिकचा फासा ठेवा. हॅमॉकला कडेचे फासे नसतील तर वजन पेलणाऱ्या कापडात सुई घालू नका. कापडात गुळगुळीत गोटी गुंडाळून तिच्या मानेला दोरी बांधली की काम होतं.

चौथी पद्धत हॅमॉकच्या आकारातच शिवलेल्या दुलईची. वॉरबॉनेट कंपनीची वूकी हे तिचं माहितीतलं उदाहरण. तिरकी बसवलेली दुलई दोन्ही टोकांपर्यंत जाणाऱ्या पातळ कापडात शिवलेली असते. टोकं अडकवली की झालं, जुळवाजुळव जवळजवळ नाहीच. थकून मुक्कामी पोचल्यावर हे सुख मोठं आहे. पण ती ठरावीक मापाला आणि झोपण्याच्या ठरावीक दिशेलाच बसते. दोन वेगवेगळे हॅमॉक वापरत असाल, किंवा डोकं कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला करत असाल, तर ती घेऊ नका.

लांबीचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. पाऊण लांबीच्या दुलईत साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम वाचतात, पण ती वीतभर सरकली की लगेच खांदा किंवा कंबर उघडी पडते. पूर्ण लांबीची तेवढीच सरकली तर कळतही नाही. म्हणून पाऊण लांबीची घ्यायची ठरवली असेल तर प्रुसिकच्या गाठी हव्यातच, शिवाय पायांखाली फोमचा तुकडा.

दुलईला दोष देण्याआधी हॅमॉक रोज एकसारखा टांगला जातो का, तेही पाहा. हॅमॉकच्या दोन्ही टोकांमध्ये वरून ठरावीक लांबीची दोरी, म्हणजे रिजलाइन, बांधा. 11 फुटी हॅमॉकला ती साधारण 9 फूट लागते. तिच्यामुळे झाडं जवळ असोत वा लांब, झोळ तोच राहतो आणि एकदा बसवलेली दुलई दुसऱ्या रात्रीही तशीच बसते.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. गडमाथ्यांवर बहुधा बांधायला झाडंच नसतात, आणि भंडारदऱ्याकडच्या झाडीत डिसेंबरची रात्र दहा अंशांच्या आसपास असेल तर दुहेरी कापडाच्या हॅमॉकमध्ये सरकवलेली फोमची मॅट पुरते. ती कडेने अंगाला टोचते आणि घामही येतो, पण दोन कापडांत अडकल्यामुळे फारशी सरकत नाही.

आज कोणी मला विचारलं तर मी पूर्ण लांबीची साधी दुलई, चार प्रुसिक गाठी आणि रिजलाइन सांगेन. एकच हॅमॉक आणि झोपायची एकच दिशा पक्की असेल, तरच वूकीसारखी. कुठलीही दुलई जंगलात नेण्याआधी घरी टांगा, आत झोपा आणि कोणाला तरी खालून तळहाताने दुलई हळूच वर दाबायला सांगा. हात टेकल्याबरोबर पाठीला जाणवला तर दुलई बरोबर बसली. हात आधी पोकळीतून वर आला आणि मग पाठीला लागला, तर दोन्ही दोऱ्या दोन बोटं आखडून पुन्हा झोपून पाहा.