पखवाज मागे पडू नये म्हणून : रीपरची बफर आणि लेटन्सी सेटिंग्ज

मिरजेत माझा छोटा स्टुडिओ आहे. काम मुख्यतः अभंग, भजन आणि नाट्यगीतांचं, त्यामुळे पेटी, तबला, पखवाज, टाळ, तानपुरा हेच रोजचे ट्रॅक. गेली बरीच वर्षं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग दोन्ही कॉकॉस कंपनीच्या रीपरवर चालतं. बफर आणि लेटन्सीचा प्रश्न हे सॉफ्टवेअर ज्या पद्धतीने हाताळतं, तेवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा ते घ्यावं, असं माझं मत आहे.

आधी एक घोळ मिटवू. लेटन्सी म्हणून आपण ज्याला एकच नाव देतो, ते दोन वेगवेगळे उशीर असतात. पहिला ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या यंत्राच्या, बफरचा. बफर म्हणजे एका वेळी हाताळला जाणारा आवाजाचा तुकडा, आणि तो सॅम्पलमध्ये, म्हणजे आवाजाच्या एकेका नोंदीत, मोजतात. ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल) १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ चा ५.३ आणि १०२४ चा २१.३. आवाज आत येताना हा उशीर एकदा लागतो, हेडफोनकडे जाताना पुन्हा लागतो, आणि कन्व्हर्टर-ड्रायव्हरचे चार-दोन मिलिसेकंद वर. दुसरा उशीर प्लगइनचा, म्हणजे ट्रॅकवर आवाज घडवायला लावलेल्या छोट्या प्रोग्रॅमचा, स्वतःचा. पुढचा आवाज आधी बघून दाबणारा लिमिटर, लिनिअर फेज ईक्यू, काही कन्व्होल्यूशन रिव्हर्ब हे काम करण्यासाठी आवाज थोडा थांबवून धरतात. बफर कितीही लहान केला तरी प्लगइनने स्वतः मागितलेला हा वेळ कमी होत नाही. बफर ६४ वर आणला, चटचट आवाज यायला लागले आणि उशीर तसाच राहिला, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी त्यांचा मास्टर ट्रॅक (सगळे ट्रॅक शेवटी ज्यात एकत्र येतात तो) उघडून बघतो. लिनिअर फेज ईक्यू बहुतेक वेळा तिथेच बसलेला असतो.

पखवाजाचं उदाहरण घेतो. लय मिनिटाला १६० मात्रांची, एका मात्रेत चार बोल, म्हणजे एका बोलाला साधारण ९४ मिलिसेकंद. बफर १०२४ वर असेल तर हातापासून कानापर्यंत जाऊन येण्यातच पंचेचाळीस मिलिसेकंदांहून जास्त जातात, जवळजवळ अर्धा बोल. वादक लगेच म्हणतो, "दादा, माझी थाप मागून येतेय." आणि मग तो नकळत पुढे वाजवायला लागतो. १२८ वर हाच फेरा दहा मिलिसेकंदांच्या आसपास येतो. म्हणजे दहा-अकरा फुटांवर बसलेल्या साथीदाराचा आवाज जितक्या वेळात पोचतो, तितकाच. दिंडीत याच्यापेक्षा कितीतरी लांबून टाळ ऐकून वाजवलं जातं, तेव्हा एवढ्या उशिराची सवय आपल्या वादकांना असतेच.

अडचण अशी की पखवाज भरायची वेळ येते तोपर्यंत गाणं अर्धंअधिक मिक्स झालेलं असतं. चाळीस ट्रॅक, प्रत्येकावर ईक्यू आणि कॉम्प्रेसर, आणि एवढा भार १२८ च्या बफरवर संगणक ओढत नाही. रीपर इथे कामाला येतं. प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओखाली बफरिंगचं पान आहे, त्यात 'अँटिसिपेटिव्ह एफएक्स प्रोसेसिंग' असा पर्याय आहे. जे ट्रॅक आधीच रेकॉर्ड झालेत त्यांच्यावरच्या प्लगइनचं काम रीपर वेळेच्या आधी, मुळात २०० मिलिसेकंद पुढे जाऊन, उरकून ठेवतं. त्या ट्रॅकना इंटरफेसच्या बफरशी घड्याळ लावून पळावं लागत नाही. ज्या ट्रॅकवर रेकॉर्डिंग आणि मॉनिटरिंग (वाजवतानाच आवाज हेडफोनमध्ये ऐकवणं) चालू आहे, तेवढाच लहान बफरवर जिवंत चालतो. त्यामुळे भरलेल्या मिक्समध्येही १२८ वर पखवाज घेता येतो. हा पर्याय चालूच ठेवा. फक्त एक लक्षात असू द्या : पखवाजाचा ट्रॅक ज्या बसमध्ये (अनेक ट्रॅक एकत्र करणाऱ्या ट्रॅकमध्ये) किंवा फोल्डरमध्ये जातो, ती पुढची साखळीही त्या वेळी जिवंत होते. म्हणून रेकॉर्डिंगपुरते तालवाद्यांच्या बसवरचे आणि मास्टरवरचे जड प्लगइन बंद करावेत.

कोणते बंद करायचे हे रीपर स्वतः दाखवतं, आणि मला या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात आवडणारी जागा हीच. एफएक्सच्या खिडकीत डाव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरांत सीपीयूची टक्केवारी आणि शेजारी सॅम्पलचे दोन आकडे असतात. पहिला प्लगइननी मागितलेला उशीर, दुसरा रीपरने प्रत्यक्षात धरलेला, बफरच्या पटीत वर नेलेला. म्हणजे बफर ५१२ असताना ६४ सॅम्पल मागणारा साधा कॉम्प्रेसरही ५१२ ला पडतो. तिथे ४०९६ दिसलं, तर ४८ किलोहर्ट्झवर ते ८५ मिलिसेकंद, आणि त्यावर लाइव्ह वाजवणं शक्य नाही. नुसतं मिक्सिंग करताना मात्र याची काळजी नको. बाकीचे ट्रॅक रीपर तेवढेच मागे धरतं आणि सगळं जुळून येतं. मिक्सिंगला मी सरळ १०२४ लावतो आणि हवे ते प्लगइन वापरतो.

रीपरसोबत येणारे प्लगइनही या बाबतीत सरळ आहेत. रीआकॉम्प या कॉम्प्रेसरमधली 'प्री-कॉम्प'ची पट्टी शून्यावर ठेवली की तो आवाज अडवून धरत नाही. रीआव्हर्बमध्ये 'झेडएल' म्हणजे शून्य लेटन्सीची खूण आहे. गायकाला हेडफोनमध्ये रिव्हर्ब द्यायचा तर ती करावी, थोडा सीपीयू जास्त जातो. रीआफिर पंख्याची घरघर काढायला उत्तम, पण तो आवाज अडवून धरतो, म्हणून रेकॉर्डिंग संपल्यावर.

गायकांचं गणित वेगळं आहे. स्वतःचा आवाज त्यांना हाडांतून तत्क्षणी ऐकू येतो, आणि हेडफोनमधला काही मिलिसेकंदांनी मागून येतो. दोन्ही मिसळले की काही स्वर पोकळ लागतात. उशीर म्हणून जाणवणार नाही इतका कमी असला तरी हे होतं. "बुवा, तानपुरा वाढवू का?" असं विचारत बसण्यापेक्षा इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करावं आणि त्या ट्रॅकचं रीपरमधलं मॉनिटरिंग बंद करावं. मग कानात जाणारा आवाज संगणकातून फिरून येत नाही. रिव्हर्ब हवा असेल तर मॉनिटरिंग चालू ठेवून त्या ट्रॅकचा मूळ आवाज मास्टरकडे जाणं बंद करावं, आणि रिव्हर्ब तेवढाच रीपरमधून द्यावा. रिव्हर्ब थोडा मागून आला तर बिघडत नाही.

उणीव सांगायची तर ही सेटिंग्ज एका जागी नाहीत. बफरचा आकार डिव्हाइसच्या पानावर, अँटिसिपेटिव्हचा पर्याय बफरिंगच्या पानावर, ऑफसेट (रेकॉर्ड झालेला आवाज किती सॅम्पल सरकवायचा तो आकडा) रेकॉर्डिंगच्या पानावर. नवशिक्या माणूस गोंधळतो, आणि या तिन्हींचा संबंध तिथे कुणी समजावत नाही. विंडोजवर 'एएसआयओ'चाच, म्हणजे कमी उशिरासाठी बनवलेला, ड्रायव्हर निवडायचा हेही आधी माहीत असावं लागतं. परफॉर्मन्स मीटर मात्र चांगला आहे. 'आरटी सीपीयू'चा, म्हणजे तत्क्षणी उरकाव्या लागणाऱ्या कामाच्या भाराचा, आकडा बघत बघत मी बफर कमी करत आणतो, म्हणजे अंदाजाने काही करावं लागत नाही.

वापरून बघायला ६० दिवस, सगळ्या सोयींसह. वैयक्तिक किंवा छोट्या व्यवसायासाठी परवाना ६० डॉलर, मोठ्या व्यावसायिक वापराला २२५. छोट्या स्टुडिओला हा दर परवडतो.

नवा इंटरफेस घेतला की एक चाचणी कराच. आउटपुटची केबल त्याच इंटरफेसच्या इनपुटला लावा, एका ट्रॅकवरून क्लिक वाजवा आणि दुसऱ्यावर रेकॉर्ड करा, मग भरपूर झूम करून दोन्हींतलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. ड्रायव्हर रीपरला जो उशीर कळवतो तो दर वेळी खरा असतोच असं नाही. माझ्या आधीच्या एका इंटरफेसचा ड्रायव्हर कमी सांगायचा, आणि प्रत्येक नवा ट्रॅक केसभर मागे बसायचा. टाळांचे चार थर चढवले की ते लगेच कळतं. मोजलेला आकडा रेकॉर्डिंगच्या पानावर मॅन्युअल ऑफसेटमध्ये टाका आणि चाचणी पुन्हा घ्या, आता दोन्ही क्लिक एकाखाली एक बसले पाहिजेत. सॅम्पल रेट किंवा बफर बदलला, तर केबल परत लावून पुन्हा मोजा.