कुलपाच्या पिना बदलायचं किट: तीन स्टार, त्यातला एक माझ्या हट्टाला

आधीच सांगतो, किट चालतं. पण सोबत जो कागद येतो त्यावर कुलूप कसं खोलायचं एवढंच चित्र आहे, पिना बदलल्यावर किल्ली फिरलीच नाही तर काय करायचं याबद्दल एक अक्षर नाही, आणि खरं काम तिथूनच तर सुरू होतं.

झालं असं की भाडेकरू गेले, दोन किल्ल्या दिल्या, तिसरी हरवली म्हणाले. सेफ्टी डोअरला मी नवीन सिलिंडर (कुलपाचा किल्ली घालायचा भाग) बसवला होताच, मेन दाराचा त्याच कंपनीचा, किल्लीची खाच पण सेम, म्हटलं मेन दाराच्या पिना बदलू म्हणजे एकाच किल्लीत दोन्ही दारं. किल्लीवाला म्हणे साहेब कशाला डोकं लावता, नवीन टाका. किट १,३४९ ला पडलं, नवीन सिलिंडर त्याहून स्वस्त आला असता, माहितीये, बायकोने दोनदा ऐकवून झालंय.

आमचा सिलिंडर बाहेरून किल्ली, आतून नॉबवाला. दाराच्या कडेला लॅचखाली एक लांब स्क्रू असतो तो काढायचा, किल्ली जराशी फिरवून मधली जीभ बॉडीच्या सरळ रेषेत आणायची की अख्खा सिलिंडर बाहेर सरकतो. इथपर्यंत मस्त. पुढे किटची पहिली चूक कळली. प्लग, म्हणजे किल्लीबरोबर फिरणारा आतला गोल भाग, पुढून बाहेर काढताना मागून तेवढ्याच जाडीचा दांडा सरकवावा लागतो, नाहीतर स्प्रिंगा टणाटण उडतात. किटमधला दांडा चांगला हातभर लांब, आणि आपल्या या सिलिंडरला मध्ये जेमतेम बोटाच्या पेराएवढी जागा, पलीकडे नॉब. घालणार कुठून? शेवटी लेथवाल्याकडून प्लास्टिकच्या रॉडचे चार बुटके तुकडे कापून घेतले आणि एकामागे एक ढकलले. ज्यांचा सिलिंडर दोन बाजूंचा आहे त्यांनी हे वाचून मगच ऑर्डर करा.

तत्त्व सोपं आहे, १८६१ मध्ये अमेरिकेत लायनस येल धाकट्याने पेटंट घेतलं तेव्हापासून तेच चालू आहे. प्रत्येक भोकात दोन पिना, एक किल्लीला टेकणारी, एक स्प्रिंगकडची. बरोबर किल्ली घातली की दोघींमधला सांधा प्लगच्या कडेशी येतो आणि प्लग फिरतो. म्हणजे आपल्याला फक्त किल्लीकडच्या पाच पिना नव्या, म्हणजे सेफ्टी डोअरच्या, किल्लीप्रमाणे बदलायच्या. फक्त म्हणे!

पहिल्यांदा बसवलं, किल्ली आत गेली, फिरेना. अर्धा तास तेल, ठोकाठोक, शिव्या. मग डोकं शांत करून प्लग परत बाहेर काढला, किल्ली घातली आणि नख फिरवून पाहिलं तर तिसरी पिन किंचित वर. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावला, किटच्या ४.५ मिलिमीटरच्या खणात ४.७ ची पिन! एवढ्याशा फरकाने प्लग अडकतो. आणि उलटंही होतं, पिन बुटकी असली की स्प्रिंगकडची पिन प्लगमध्ये उतरते आणि तरीही फिरत नाही. म्हणून खणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक पिन मोजा. कानशीने घासून जुळवायचा मोह होतो, मी एक घासली, तिचं टोक वाकडं झालं आणि किल्ली खरखरायला लागली, टाकून दिली ती.

दुसऱ्यांदा किल्ली फिरली, मी टाळ्या वाजवल्या, आणि आता बाहेर येईना. ओढली की प्लगच पुढे सरकतो. हा दोष माझा, मागची सर्क्लिप (प्लगला जागेवर धरणारी कडी) खाचेत नीट बसली नव्हती. प्लग एखादा मिलिमीटर पुढे आला तरी भोकं एकमेकांसमोर राहत नाहीत आणि पिना किल्लीला धरून ठेवतात. जोरात ओढू नका, नाहीतर प्लग हातात आणि पिना सोफ्याखाली. क्लिप परत बसवताना उडाली ती आजतागायत सापडली नाही, किटमध्ये जादा एकही नाही, बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत हुडकून त्या मापाची आणली तेव्हा रविवार संपला होता.

तिसरी गोष्ट कुणीच सांगत नाही. नवी किल्ली चालली म्हणून लगेच खूश होऊ नका, जुनी घालून बघा. माझी जुनी किल्ली फिरत नव्हती पण जरा जास्तच हलत होती. उघडून बघतो तर एका भोकातली स्प्रिंग दबून चेपलेली, पिन वरच अडकलेली, म्हणजे पाच पिनांचं कुलूप चारवर चाललेलं. असं दोन भोकांत झालं असतं तर जुनी किल्लीही चालली असती कदाचित. हे सगळं टेस्टिंग दार उघडं ठेवून करायचं, हेही लिहून ठेवतो कारण आमच्याकडे वाऱ्याने दार लागलं आणि मी बाहेर बनियनवर. बायको घरात होती म्हणून निभावलं.

तेलाचं म्हणाल तर पहिल्या दिवशी ओतलेलं शिलाई मशीनचं तेल मी नंतर पुसून काढलं, ते धूळ धरतं. किटमधली ग्रॅफाइट पावडरची छोटी बाटली मात्र एक नंबर, चिमटाही चांगला, पिना पितळी आहेत आणि फिनिशिंग स्वच्छ. माप चुकलंय, दांडा चुकलाय, क्लिपा नाहीत.

विक्रेत्याला ४.५ च्या खणाचा फोटो पाठवला, नवीन पाकीट पाठवतो म्हणाला, आलं की मोजून इथेच लिहीन.