थायरॉइड कॅन्सर पॅकेज: सोनोग्राफी ठीक, बाकीचं कशाला?

म्हापशातलं एक डायग्नोस्टिक सेंटर हाशिमोटोच्या (शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथीवरच उलटते, त्या आजाराच्या) रुग्णांना ‘थायरॉइड कॅन्सर स्क्रीनिंग पॅकेज’ विकतं: टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन), अँटी-टीपीओ (या आजारातली अँटीबॉडी), थायरोग्लोब्युलिन (ग्रंथीत तयार होणारं प्रथिन) आणि गळ्याची सोनोग्राफी. पाचपैकी अडीच तारे, तेही सोनोग्राफीच्या खोलीचे.

यातल्या एकाही रक्ततपासणीतून कॅन्सर कळत नाही. अँटी-टीपीओ एकदा पॉझिटिव्ह आली की पुन्हा मोजण्यात पैसेच जातात. आकडा 200 असो वा 1200, गाठीबद्दल तो मुका. थायरोग्लोब्युलिनचा उपयोग कॅन्सरसाठी ग्रंथी काढल्यानंतरचा, आणि हाशिमोटोतल्या अँटीबॉडीजमुळे तो आकडाही खोटा कमी येऊ शकतो. टीएसएच हवीच, पण गोळीच्या डोससाठी. त्यांचा मेसेज ‘उपाशी या’ म्हणतो, गरज नाही. केसांसाठी घेतलेलं बायोटिन निदान दोन दिवस आधी थांबवा, हे मात्र त्यात नाही. बऱ्याच मशीनवर त्याने टीएसएच खोटी कमी दिसते आणि चांगला चाललेला डोस उगाच उतरवला जातो.

सोनोग्राफी मन लावून करतात. खांद्याखाली उशी, मान मागे, दोन्ही लोब, मधला इस्थमस, शिवाय मानेच्या बाजूचे लिम्फ नोड (लसीका ग्रंथी). घोळ रिपोर्टात आहे: ‘मल्टिपल नोड्यूल्स, अ‍ॅडव्हाइज एफएनएसी’, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासा. बस्स. हाशिमोटोत ग्रंथी मुळातच काळपट, ठिपक्याठिपक्यांची दिसते, त्यातले कित्येक ठिपके गाठी नसतातच. खरी गाठ उभ्या आणि आडव्या, दोन्ही छेदांत आपली कड राखते. श्वासनलिकेजवळचे लांबट, सुजलेले नोडही या आजारात नेहमीचेच. गोल झालेला, आत कॅल्शियमचे कण किंवा पाणी असलेला नोड वेगळा.

म्हणून प्रत्येक गाठीची तिन्ही मापं आणि टायरॅड्स श्रेणी हवी (टीआर1 ते टीआर5, आकडा वाढेल तसा कॅन्सरचा संशय जास्त). अमेरिकन रेडिओलॉजी कॉलेजच्या 2017 च्या पद्धतीत टीआर5 ला 1 सेंमीपासून सुई, टीआर4 ला 1.5, टीआर3 ला 2.5. टीआर1 आणि टीआर2 ला सुईच नाही. श्रेणी नसेल तर 6 मिमीच्या निरुपद्रवी ठिपक्यातही सुई जाते, आणि हाशिमोटोतल्या हर्थल पेशी (रूप बदललेल्या थायरॉइड पेशी) पॅथॉलॉजिस्टला ‘अनिश्चित’ लिहायला लावतात. मग ऑपरेशनची चर्चा.

‘हाशिमोटो म्हणजे कॅन्सरचा धोका’ ही जाहिरात अर्धवट आहे. पॅपिलरी कॅन्सरशी (थायरॉइड कॅन्सरचा सर्वांत नेहमीचा प्रकार) संबंध ठळक दिसतो तो मुख्यतः ऑपरेशन झालेल्यांच्या नोंदींत. सुईच्या तपासणीच्या नोंदींत तो बराच फिका पडतो. लक्षणं नसलेल्यांचं सरसकट स्क्रीनिंग नको, असं अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने 2017 मध्येच सांगितलं. दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफीने 1993 ते 2011 मध्ये रुग्ण पंधरापट झाले, मृत्यू होते तिथेच राहिले.

हाताला गाठ लागत असेल, लहानपणी गळ्याला रेडिएशन झालं असेल किंवा आई-वडील, भावंडांत थायरॉइड कॅन्सर असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसती सोनोग्राफी करा. काही आठवड्यांत गळा भराभर सुजला, आवाज बसला, गिळताना अडकायला लागलं, तर पॅकेजच्या नादी न लागता थेट बांबोळीला गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजची) ईएनटी ओपीडी गाठा. थायरॉइडचा लिम्फोमा (लसीका पेशींचा कॅन्सर) दुर्मीळ, पण हाशिमोटोतच जास्त आढळतो.

या सेंटरला गेलातच, तर टायरॅड्स काउंटरवर मागा. मागितलं की पुरवणी रिपोर्ट देतात, कुरकुरत.