दाढ उघडण्याआधीचा एक्स-रे हातात घ्या

ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत दंततपासणी शिबिर झालं. बाबांचं काही दुखत नव्हतं, थंड पाणीही झोंबत नव्हतं. खाली गेलेच आहोत तर दाखवून घेऊ, एवढाच विचार. तिथल्या मुलीने तोंडात छोटा कॅमेरा घालून दाढा टॅबवर मोठ्या करून दाखवल्या. स्क्रीनवर खाचेतली तपकिरी रेघसुद्धा विहिरीसारखी दिसते. "काका, कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत गेलीय. चार दाढांची नस काढून रूट कॅनल करावं लागेल. आज नाव नोंदवलंत तर कॅपसकट छत्तीस हजार, नंतर अठ्ठेचाळीस."

घाई दिसली की माझे कान टवकारतात. पण मला कळेपर्यंत बाबा दहा हजार भरून, क्लिनिकमध्ये जाऊन एका दाढेचं रूट कॅनल करूनही आले होते. फाइल मागितली तर हातात फक्त पावती. एक्स-रे? "सिस्टीममध्ये आहे, पाठवतो." आजतागायत आलेला नाही.

उरलेल्या तीन दाढांसाठी त्यांना नेरूळच्या एका डेंटल कॉलेजात नेलं. तिथे पुढचं (पीजी) शिक्षण घेणाऱ्या एका डॉक्टरने आधी प्रत्येक दाढेचा वेगळा छोटा एक्स-रे काढला. मग कापसाच्या बोळ्यावर गार स्प्रे मारून तो बाजूच्या चांगल्या दाताला लावला, नंतर संशयित दाढेला. "काका, झोंबलं की हात वर करा, थांबलं की खाली." नस ठीक असेल तर झोंबतं आणि काही सेकंदांत जातं. कळ अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त रेंगाळली तर नस बहुधा वाचत नाही. काहीच जाणवलं नाही तर ती मेलेली असू शकते. उतारवयात नस आक्रसल्यामुळे प्रतिसाद मुळातच मंद असतो, म्हणून तर शेजारच्या दाताशी ताडून बघायचं. बाबांचा हात तिन्ही वेळा लगेच खाली आला. आरशाच्या दांड्याने दाढांवर ठोकूनही दुखलं नाही. एक्स-रेत मुळांच्या टोकाशी काळी सावली नव्हती आणि कीड नसेपासून लांब होती. निदान काय, तर एका दाढेत साधं सिमेंट भरायचं. बाकी दोन्हींवर नुसते डाग.

आणि जी करून झाली ती? त्या डॉक्टरने सरळ सांगितलं, आता काही सांगता येणार नाही. नस काढली की गार-गरम कशाचीच चाचणी होत नाही, आणि कीड कोरून टाकल्यावर ती किती खोल होती याचा पुरावाही तिच्याबरोबर जातो. उरतो फक्त आधीचा एक्स-रे, आणि नेमका तोच देत नाहीत. आमचं सगळं घोडं तिथेच अडलंय.

म्हणून रूट कॅनल हे सगळं थोतांड, असंही कोणी समजू नये. रात्री झोपेतून उठवणारा ठणका, गरम चहाने वाढणारी कळ, हिरडीवर पुवाची पुळी, चावताना एकाच दाढेत दुखणं, यात टाळाटाळ केली तर दाढच जाऊ शकते. ठणका आपोआप थांबला तर खूश होऊ नका, नस मेल्यावरही तो थांबतो. पण ज्याला यातलं काहीच नाही त्याच्या दाढेला ड्रिल लावण्याआधी गार चाचणी केली का, आणि एक्स-रेत कीड नसेपर्यंत कुठे दिसते, हे बोट ठेवून दाखवायला सांगा. मोबाइलने त्या स्क्रीनचा फोटो काढा. काढू देत नसतील तर खुर्चीतून उठा.

पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच तसं स्पष्ट केलंय. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आम्ही एक्स-रेची मागणी लेखी दिली, पोच घेतली. त्यानंतर क्लिनिकमधून फोन आला: न केलेल्या तीन दाढांचे पैसे मागणार नाही, भरलेल्यातलेही थोडे परत देऊ, फक्त 'काही तक्रार नाही' असं लिहून द्या. बाबांनी सही केलेली नाही.