अ‍ॅव्होकाडो टोस्ट : ओले खोबरे की सुका जवळा?

निलगिरी-कूर्गकडचा अ‍ॅव्होकाडो रत्नागिरीच्या बाजारात पोहोचतो तेव्हा बहुधा कडकच असतो, कारण हे फळ झाडावर पिकत नाही, तोडल्यानंतरच पिकते. आंब्याची अढी घालतो तसा तो पिकलेल्या केळ्याबरोबर कागदात गुंडाळून ठेवावा आणि देठाजवळ अंगठ्याने हलके दाबल्यावर किंचित नमला की कापावा.

त्याच्या 100 ग्रॅम गरात सुमारे 15 ग्रॅम स्निग्धांश असतो, आणि माझ्या मते टोस्टवरचा पदार्थ निवडताना हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते. ओले खोबरे, हिरवी मिरची आणि कोथिंबीर यांची चव ताजी व सौम्य लागते. परंतु खोबरेही स्निग्धच असल्याने मऊ गरावर पुन्हा मऊच थर बसतो.

सुका जवळा (वाळवलेली अगदी बारीक कोळंबी) मात्र निवडून, कोरड्या तव्यावर मंद आचेवर बोटांनी चुरडता येईपर्यंत भाजला आणि बारीक चिरलेला कांदा व चिमूटभर मालवणी मसाला घालून अगदी वाढतेवेळी टोस्टवर पसरला, तर त्याचा खारटपणा आणि कुरकुरीतपणा गराच्या स्निग्धतेला नेमका तोलून धरतो. गरात लिंबाऐवजी अर्धा चमचा कोकमाचे आगळ मिसळावे. आंबटपणामुळे गर काळवंडणे लांबते. आगळात मीठ असतेच, त्यामुळे वेगळे घालू नये. रंग थोडा मळकट होतो, पण चवीसाठी तेवढे मी आनंदाने स्वीकारतो.

श्रावणात अर्थातच खोबरे घ्यावे, फक्त ते तव्यावर तांबूस परतून घ्यावे.