हात उघडला तेव्हा त्याचा हात खिशात होता

टेबलावर एक काळा हात ठेवला होता, मनगटापासून पुढचा. त्या माणसाने आमच्या ह्यांच्या थोट्या हाताला रबरी पट्टा गुंडाळला, पट्ट्यातली वायर त्या काळ्या हाताला जोडली आणि म्हणाला, "दादा, डोळे मिटा. मूठ अजून जागेवर आहे असं समजा. हं, आता उघडा." ह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. टेबलावरच्या हाताची पाची बोटं सावकाश उघडली. "आता मिटा." मिटली. मी त्या हॉलमध्ये चारचौघांत रडले. आमचे पंच्याऐंशी हजार त्याच मिनिटाला गेले म्हणायचे, पुढची कागदपत्रं नुसती नावाला.

बायोनिक हाताच्या, म्हणजे मनातल्या इशाऱ्यावर चालणाऱ्या हाताच्या नावाखाली आम्हाला फसवणारं तसलंच शिबिर आता निपाणी-चिकोडीकडं लागणार असं कानावर आलंय, म्हणून हे लिहायला बसले.

आमचं घर बेळगावात, वडगावला. मी पिको-फॉल आणि ब्लाऊजची शिलाई करते. हे उद्यमबागेत एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. हात आत जाऊ नये म्हणून असतो तो गार्ड लावला की जॉब कमी निघतात, म्हणून तो काढून कोपऱ्यात ठेवलेला असायचा. उजवा हात मनगटाच्या वर चार बोटं गेला. शेजारच्या मशीनवरचा माणूस कायम होता, हे कॉन्ट्रॅक्टवर. ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, नाव असतं तर कृत्रिम हात मिळाला असता, दरमहा भरपाईही मिळाली असती. नाव नव्हतं. मालकाने एकरकमी काहीतरी हातावर ठेवलं (हातावर म्हणजे डाव्या) आणि विषय संपला.

शिबिराचा कागद एका ओळखीच्या बाईने आणून दिला. "बायोनिक हात, सरकारी अनुदानातून." बसस्टँडजवळच्या एका लॉजचा हॉल. आत पंधरा-वीस माणसं, कोण चरकात हात गेलेला, कोण मळणी मशीनमध्ये. तो माणूस कोल्हापूरकडचं गोड मराठी बोलत होता. इथं राहणाऱ्यांना सांगायला नको, कुठल्याही ऑफिसात गेलं की कन्नड फॉर्म, कन्नड पाटी, आणि आपण कुणाला तरी "जरा वाचून दाखवा की" म्हणत उभे. त्यात कुणी "या वहिनी, बसा, चहा घेतला का?" म्हणालं की माणूस अर्धा विरघळतो. मी तर पूर्ण विरघळले.

मग पडद्यावर २०५० सालचं शहर दाखवलं. सगळ्यांना चकचकीत हातपाय, कुणाला नवे डोळे. तो म्हणाला, "पुढं दोनच जाती राहणार दादा. मशीनचा हात असलेले आणि नसलेले. कारखान्यात भरती कुणाची होणार ते तुम्हीच सांगा." मग भाव. सिल्व्हर हात नुसता उघडतो-मिटतो, गोल्डचा अंगठा वेगळा हलतो, प्लॅटिनमचं मनगटही फिरतं. सिल्व्हरची किंमत दोन लाख चाळीस हजार, अनुदान वजा जाता आम्हाला पंच्याऐंशी, तेही हप्त्याने चालेल. हप्ता थकला तर हात ॲपमधून आपोआप लॉक होणार, ही गोष्ट तो कौतुकाने सांगत होता. आमचा नववीतला पोरगा पटकन म्हणाला, "पप्पा, म्हणजे हात त्यांचाच की! आपण नुसते भाडेकरू." मी त्याला डोळे वटारले. घरात अक्कल होती, ती चौदा वर्षांची होती एवढंच.

हप्त्याची भानगड नको म्हणून गंठण गहाण टाकलं, उरलेले बचत गटातून उचलले आणि रोख भरले. पावती इंग्रजीत. पोराला वाचायला दिली नाही, तो परत काहीतरी बोलेल म्हणून.

हात कुरिअरने घरी आला. घालायचा तर सॉकेट, म्हणजे थोटा हात आत बसतो ती वाटी, सैल. दोन मोजे कोंबले तेव्हा कुठं बसला. पट्टा बांधला, हे मूठ उघडायला लागले. काही नाही. "अगं, विसरलो बहुतेक मी, कशी उघडायची ते." चार दिवस हे पहाटे उठून कॉटवर बसायचे, डोळे मिटून. घाम यायचा. आपल्यातच काहीतरी कमी आहे असं त्यांना वाटत होतं. फोन पहिल्यांदा "सवय लागेल दादा" म्हणाला, मग उचलेना, मग बंद.

शेवटी शहापुरात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या काकांकडे नेला. त्यांनी चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "वैनी, इकडं बघा." पट्ट्यातून आलेली वायर आत येऊन गोंदाच्या एका थेंबात संपत होती. पुढं कशालाच जोडलेली नव्हती. बाजूला एक मोटर आणि हिरवी छोटी पट्टी, रिमोटच्या खेळण्यातल्या गाडीत असते तसली. काकांनी दुरुस्तीला आलेल्या गाड्यांचे रिमोट एकेक करून दाबले. तिसऱ्याला बोटं उघडली.

मला तो हॉल आठवला. "आता उघडा" म्हणताना त्याचा डावा हात पँटच्या खिशात होता. दर वेळी. मी ते पाहिलं होतं, माणसाची उभं राहायची ढब असेल म्हणून सोडून दिलं होतं.

पावतीवर काय लिहिलं होतं ते पोराने मग वाचून दाखवलं: "रोबोटिक हँड, शैक्षणिक किट." म्हणजे त्याने आम्हाला कागदावर शाळेतल्या पोरांचा प्रयोग विकला होता. अनुदानाचा शब्दसुद्धा नाही.

नंतर हे सगळं कृत्रिम हात बसवणाऱ्या एका खऱ्या तंत्रज्ञाला दाखवलं. ते हसले नाहीत, याचे आभार. त्यांनी विचारलं, "माप कसं घेतलं होतं?" मी म्हटलं, टेपने. तिथेच कळायला हवं होतं म्हणाले. मी स्वतः शिलाईवाली, ब्लाऊजलासुद्धा टेपशिवाय दुसरं काही लागत नाही, मला कसं कळणार? खरा हात बसवणारा उरलेल्या हाताचा प्लास्टरचा साचा घेतो किंवा स्कॅन करतो, आधी कच्चं सॉकेट घालून बघतो, टोचतंय कुठं विचारतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नंबर मागितला तर देतो. शिबिरातल्या माणसाकडे मागून बघा.

बायोनिक हात ही थाप नाही, हेही त्यांनीच सांगितलं. हात गेला तरी कोपराखालचे स्नायू उरतात. मूठ उघडायचं मनात आणलं की ते आखडतात, त्यातून अगदी बारीक वीज निघते, सॉकेटमधला सेन्सर ती कातडीवरून पकडतो. त्यांनी ह्यांच्या हाताला सेन्सर लावला आणि स्क्रीनवर रेघ दाखवली. "उघडा" म्हटल्यावर रेघ टणकन वर गेली. हे तिच्याकडे बघत राहिले. पुन्हा केलं, पुन्हा. रिमोट नव्हता, तंत्रज्ञाचे दोन्ही हात टेबलावर होते, मी आधी तेच बघितलं.

पण त्या हाताची किंमत काही लाख, परदेशी बोटाबोटाचा तर त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे तो भामटा दोन जातींचं बोलला ते काही खोटं नव्हतं. आणि पैसेवाल्यांचंही सगळं सुखाचं नसतं. अमेरिकेत सेकंड साइट नावाच्या कंपनीने साडेतीनशेवर आंधळ्या माणसांच्या डोळ्यांत यंत्रं बसवली, २०१९ मध्ये ती बनवणंच थांबवलं आणि माणसं दुरुस्तीवाचून राहिली. हे पोराने शोधून काढलं. आता त्याला कुणी गप्प बसवत नाही.

अनुदानाचं खरं दार वेगळं आहे. दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे, अलिम्को ही कानपूरची सरकारी संस्था ती साधनं बनवते. त्यासाठी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, लॉजमध्ये रोकड नाही. पुण्यात वानवडीला लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे.

तक्रारीला गेलो तर "पावतीवरचा पत्ता महाराष्ट्रातला, तिकडं जा" असं ऐकावं लागलं. सीमेवर राहणाऱ्याला हे नवं नाही. पण १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावा लागतो. हे कागदावर लिहून नेलं तेव्हा घेतला. ग्राहक आयोगातही आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. आम्ही रोख दिले होते. ऑनलाइन दिले असते तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा होता.

हे आता साधा दोरीचा हात वापरतात. खांद्यावरून पट्टा, खांदा पुढं केला की आकडा उघडतो. बॅटरी नाही, ॲप नाही. पिको करताना साडीचं दुसरं टोक तेच धरतात.

काळा हात कपाटावर आहे. सुनावणीच्या तारखेला तो पिशवीत घालून नेतो. सोबत काकांनी दिलेला खेळण्यातल्या गाडीचा रिमोट. साहेबांनी विचारलं तर दाबून दाखवायला.