दोनशे पानी रोजनिशी, मालवणातून घेतलेली

किंमत 140 रुपये. जूनमध्ये बाजारपेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून घेतली. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. रोज पैशांचा हिशोब दिला, स्वतःचा कधी मांडलाच नाही. बायको म्हणाली, "आता म्हातारपणी कसलो अभ्यास करतास?"

आधी वहीबद्दल. कागद बरा, पण पावसाळ्यात दमट होतो आणि जेल पेनची शाई पसरते. साधं बॉलपेनच वापरा. बांधणी डिंकाची, आषाढातच चार पानं सुटली. रात्री पत्र्याच्या डब्यात ठेवतो. प्रत्येक पानावर खाली छापील सुविचार आहे, तो मात्र डोक्यात जातो. माझ्या दिवसाखाली दुसऱ्याचं शहाणपण कशाला? मी त्यावरच भाजीचा हिशोब लिहितो.

मी रोज तीनच ओळी लिहितो. तिसरी ठरलेली : आज मनात नसताना कुठे 'हो' म्हटलं? 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, शेजारचे खलाशी घरीच, त्यामुळे ओटीवर गप्पा फार आणि 'हो'सुद्धा फार. दोन महिन्यांत सतरा निघाले. वर्गणी, उसनवारी, नको असलेला तिसरा चहा.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पुतण्या कर्जाला जामीन राहा म्हणून आला. नाही म्हटलं. हात थरथरत होते. तो चहा न घेता गेला, अजून बोलत नाही. तेही लिहिलंय, अक्षर वाकडं आलंय.

पुढची वही शिवलेल्या बांधणीची बघणार.